लासलगावच्या रांगेत आपोआप बंद होणारी गाडी

नाशिकला मी पुष्कळदा गेलो आहे, पण दर वेळी गाडीत डावीकडे बसून. उजवीकडे सुलभा, माझी बायको, असायची. ती गाडी चालवायची आणि मी मांडीवरचं पुस्तक तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. कराडहून निघालो की तिच्या माहेरी पोचेपर्यंत एखादी मध्यम आकाराची कादंबरी संपायची. आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होतो; त्याचा तिला झालेला फायदा बहुधा एवढाच.

मागच्या वर्षी उपचारांसाठी ती माहेरी आली तीही स्वतः गाडी चालवतच. दिवाळीच्या आधी ती गेली. गाडी तिथेच राहिली, तिच्या धाकट्या भावाच्या, रघुनाथच्या झेंडूच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडखाली. मी कराडला परतलो आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. साठी उलटल्यावर. तिथे माझ्याबरोबर शिकणारी मुलं मला आजोबा म्हणत नसत, ‘सर’ म्हणत, हा त्यांचा मोठेपणा. लायसन हातात आलं तेव्हा रघुनाथला फोन केला की गाडी न्यायला येतोय. मग तो म्हणाला, “या तर खरं.”

नाशिक, पहिला दिवस

एसटीने पोचलो तेव्हा माघातली थंडी होती. आमच्याकडे या दिवसांत स्वेटर सकाळपुरता लागतो, नाशिकात तो दुपारच्या जेवणापर्यंत अंगावर राहतो. रघुनाथच्या मळ्यात तोडणी संपली होती आणि क्रेटांमध्ये झेंडू भरून तयार होता. शेडमध्ये गाडी धुऊनपुसून ठेवलेली होती. मला बरं वाटलं. मग कळलं, ती माझ्यासाठी पुसलेली नव्हती. रविवारी सातपूरचा एक माणूस बघायला येणार होता.

रघुनाथने हे मला चहा देता देता सांगितलं. तो मनाने वाईट नाही. म्हणाला, “दाजी, ताई गेली. आता रस्त्यात तुमचं काही कमीजास्त झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू? गाडी काय, लोखंड आहे.”

मी म्हटलं, आधी बघ तर मी कशी चालवतो. तो डावीकडे बसला आणि आम्ही शहरात निघालो.

मुंबई नाक्याच्या सिग्नलपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे लाल दिवा लागला. शिकवलं होतं तसं मी गाडी न्यूट्रलला घेतली, क्लचवरचा पाय काढला, आणि इंजिन बंद झालं.

आता हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्यांना हसू येईल. या गाड्यांत तशी सोयच असते. सिग्नलला थांबून पाय क्लचवरून काढला की इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की आपोआप सुरू होतं. तेवढंच पेट्रोल वाचतं. सुलभाच्या शेजारी बसून मी ते शेकडो वेळा ऐकलं असेल. पण ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जुनी होती, आणि तिथल्या सरांनी एकच गोष्ट आमच्या मनावर बिंबवली होती: परीक्षेत इंजिन बंद पडलं की नापास. त्यामुळे इंजिन गप्प झालं तसं मला वाटलं, नापास झालो. मी घाईने किल्ली फिरवली. त्यामुळे गाडी खरोखरच पूर्ण बंद झाली. दिवा हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली आणि विचारलं, “काका, गाडी झोपली का?”

रघुनाथने हात लांब करून बाणाने वेढलेलं ‘ए’ अक्षर असलेलं बटण दाबलं. त्या बटणाने ही सोय बंद करता येते. “हे आधी बंद करायचं असतं, दाजी. याने बॅटरीची वाट लागते. ताईला किती सांगितलं, तिने कधी ऐकलं नाही.”

पुढच्या सिग्नलला तोच रिक्षावाला पुन्हा शेजारी आला. लाल दिव्यावर उरलेल्या सेकंदांचा आकडा मोठा होता, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने रिक्षा बंद केली आणि मला समजावून सांगितलं. आम्ही पण बंद करतो, पण आकडा बघून करतो. पाच राहिले असतील तर नाही करत. तुमच्या गाडीला आकडा वाचता येत नाही, हा तिचा प्रॉब्लेम आहे. नंतर मी या विषयावर जेवढी मतं ऐकली, त्यात हे सगळ्यात मुद्देसूद होतं.

मिसळ खायला थांबलो. नाशिकची मिसळ पापड, दही आणि काळ्या मसाल्याचा रस्सा घेऊन येते, वर कुणी जिलबीही ठेवतं. कराडला आम्ही मिसळीला एवढा मान देत नाही. तो आमच्याकडे अख्ख्या मसुराला आहे. दुसऱ्यांदा रस्सा घेताना रघुनाथने तोड काढली. आमची थोरली मेहुणी, म्हणजे त्याची आणि सुलभाची अक्का, लासलगावला असते. तिला तसंही दोन दिवस माहेरी यायचं होतं. मी एकट्याने लासलगावला जायचं आणि तिला गाडीत घालून आणायचं. “अक्का म्हणाली की दाजी चालवतात, तर चावी तुमची. नाही म्हणाली, तर रविवारी सातपूरवाला.”

अट सोपी वाटेल, पण अक्का कुठल्याच वाहनात निवांत बसत नाही. एसटीतसुद्धा ती पुढच्या सीटचा दांडा धरून, डोळे रस्त्यावर लावून, ड्रायव्हरच्या वतीने सगळा प्रवास करते. सुलभाच्या गाडीतही तिने कधी पापणी मिटली नव्हती.

मी हो म्हटलं. आणखी एक गोष्ट मनाशी ठरवली. सुलभाने ते बटण कधी दाबलं नव्हतं. मीही दाबणार नव्हतो.

त्र्यंबकच्या रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी सरावासाठी एकटा त्र्यंबकेश्वरला गेलो. सातपूरचे कारखाने मागे पडले की रस्ता मोकळा होतो आणि डावीकडे अंजनेरीचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. पूर्वी हा डोंगर मी पुस्तकावरून नजर उचलून अधूनमधून पाहिला होता. चालवताना कळलं की तो एक नाही, वळणावळणाला वेगळा आहे. सुलभा हा सगळा डोंगर एकटीच बघत होती, आणि मी तिला कुठल्या तरी परदेशातल्या बर्फाचं वर्णन वाचून दाखवत होतो.

सोमवार नसूनही त्र्यंबकला गर्दी होती. गावाच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. मी थांबलो, न्यूट्रल, पाय काढला. इंजिन थांबलं. या वेळी किल्लीकडे हात नेला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो.

आणि त्या शांततेत मला एकदम आठवलं. इंजिन चालू असताना मी मोठ्याने वाचत असे. सिग्नलला ते बंद झालं की माझाच आवाज मला फार मोठा वाटायचा आणि मी तो खाली आणायचो. सुलभा म्हणायची, “हळू काय वाचतोस? आत्ता तर नीट ऐकू येतंय.” दिवा हिरवा झाला तरी वाक्य पूर्ण होईपर्यंत ती क्लच दाबायची नाही. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. ती म्हणायची, वाजवू देत, पूर्णविराम येऊ दे.

पुढची गाडी हलली. मी क्लच दाबला. इंजिन लगेच सुरू झालं, जणू काही झालंच नव्हतं.

देवदर्शन करून पार्किंगजवळ चहा घेतला. तिथे एक टॅक्सीवाला भेटला, पूजेसाठी येणाऱ्या यजमानांना घेऊन रोज त्र्यंबकला येणारा. मी त्याला या सोयीबद्दल विचारलं. तो सकाळी गाडीत बसला की आधी डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडतो आणि लगेच ते बटण दाबतो, असं म्हणाला. कारण इंजिन थांबलं की एसीची थंड हवा कमी होते, आणि मागे बसलेल्या मावशी म्हणतात, भाडं पूर्ण घेता मग एसी अर्धाच का. पेट्रोल वाचेल तेवढं वाचेल, मावशींचं कोण ऐकून घेणार? मग त्याने मला विचारलं, तुम्ही का चालू ठेवता? मी म्हटलं, माझ्या मागे मावशी नसतात. तो हसला आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

ओझरवरून पुढे

तिसऱ्या दिवशी सकाळी लासलगावला निघालो. रघुनाथ फुलं घेऊन बाजारात गेला होता, त्यामुळे निरोप द्यायला कुणी नव्हतं. ते बरंच झालं.

ओझरला चहाला थांबलो. बाकावर विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पेपर वाचत होते. माझी गाडी थांबताना इंजिन आधी गेलं आणि मी नंतर किल्ली काढली, हे त्यांनी कानाने टिपलं होतं. त्यांनी आपलं मत न विचारता दिलं. इंजिन हे चालण्यासाठी असतं, सारखं थांबवून चालवणं म्हणजे झोपलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी उठवणं. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, “आमच्या इंजिनांनी असं केलं असतं तर? हवेत सिग्नल नसतात म्हणून बरं.”

पिंपळगावपासून पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. घड पिकायला आले होते आणि ऊन लागू नये म्हणून प्रत्येक घडाला रद्दी पेपर गुंडाळलेला. एका ठिकाणी उतरून मी वाकून वाचू लागलो. अर्धी बातमी एका घडावर होती, उरलेली कुठे असेल याचा अंदाज घेत पुढच्या दोन वेली पाहिल्या. राखणदार बाई लांबून ओरडली, “ओ दादा, घडाला हात नका लावू.” मी म्हटलं, मी वाचतोय. हे तिला पटलं नाही. मी गाडीत बसलो.

लासलगाव

गावाजवळ आलो तर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअपची लांब रांग लागलेली. ट्रॉल्यांत लाल कांदा काठोकाठ. मी समजलो, वाहतूक अडली आहे. आमच्या घरी रांग मोडणं पाप मानतात, तेव्हा मी सज्जनपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्या मागे आणखी एक ट्रॅक्टर येऊन लागला. रांग इंच इंच सरकत होती. थांबलं की इंजिन बंद, क्लच दाबला की सुरू. सकाळपर्यंत जी गोष्ट मला घाबरवत होती, ती हळूहळू पायांच्या सवयीची झाली.

पुढच्या ट्रॅक्टरवर येवल्याकडचे एक शेतकरी होते. सगळे त्यांना बापू म्हणत होते. त्यांनी बराच वेळ माझी गाडी ऐकली, मग खाली उतरून खिडकीशी आले. “मास्तर, गाडी सारखी बंद पडती तुमची. ढकलायची का?”

मास्तर हे त्यांनी माझ्या चष्म्यावरून ठरवलं असावं. मी त्यांना ती सोय समजावून सांगितली. थोडी जास्तच. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं म्हणजे इंधन जाळून धूर विकत घेणं, असंही म्हणालो. बापूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. आजूबाजूला पाहिलं, तर रांगेतला प्रत्येक ट्रॅक्टर धडधडत होता. “लय शहाणी गाडी हाय,” ते म्हणाले. “घ्या मग, आपला बी थांबवू.” वर चढून त्यांनी ट्रॅक्टर बंद केला.

त्या क्षणी मागून कुणीतरी “बापू, नको!” असं ओरडलं. मला कारण कळलं नाही. दहा-पंधरा मिनिटं आमच्यापुरती तरी छान शांतता होती. बापूंनी आणि मी त्यांच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि पातीच्या कांद्याची भाजी खाल्ली. मग रांग हलली. मी क्लच दाबला, माझी गाडी सुरू झाली. बापूंनी चावी फिरवली. ट्रॅक्टर कण्हला आणि गप्प बसला.

तेव्हा मला दोन गोष्टी एकदम समजल्या. पहिली, त्या ट्रॅक्टरची बॅटरी केव्हाच म्हातारी झाली होती. घरून उतारावरून सुरू करून आणलेला तो ट्रॅक्टर बापू लिलाव होईपर्यंत कधीच बंद करत नसत, आणि रांगेत बरेच जण तसेच होते. दुसरी, ही वाहतुकीची कोंडी नव्हतीच. ही कांद्याच्या लिलावाची रांग होती, आणि मी तिच्यात प्रामाणिकपणे उभा राहून बाजार समितीच्या फाटकातून आत आलो होतो. समोर लिलाव पुकारणारे आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका एका वाहनाशी थांबत, कांदा हातात घेत, भाव बोलत आमच्याच दिशेने येत होता.

बापूंच्या पुढची जागा रिकामी झाली. भरलेली ट्रॉली ढकलून हलण्यातली नव्हती. मागच्या ट्रॅक्टरने पुढे येऊन साखळीने ओढलं तर काम होणार होतं. पण मागचा ट्रॅक्टर आणि बापू यांच्या मधोमध मी होतो. एका बाजूला पिकअप, दुसऱ्या बाजूला उतरवलेल्या गोण्या. बाहेर निघायचं तर रिव्हर्समध्ये, तिरकं, गोण्या आणि पिकअप यांच्या मधल्या फटीतून.

रिव्हर्स माझा कच्चा होता. परीक्षेत मी तो कसाबसा पार केला होता. खाली उतरून कुणाला तरी किल्ली द्यावी, असं मनात आलं. चार जणांनी हात पुढेही केले. पण माझ्यामुळे बापूंचा नंबर जाणार होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. त्यामुळे तर उतरणं आणखी अवघड झालं. मी काच खाली केली आणि म्हटलं, मीच काढतो.

मग तिथल्या सगळ्यांनी मला गाडी काढून दिली. महाराष्ट्रात रिव्हर्स घेणाऱ्याला एकटं कुणी सोडत नाही. “येऊ द्या, येऊ द्या,” मागून एक. “डावी मारा, डावी,” दुसरा. “उजवी, उजवी,” तिसरा. मी त्यांतला एकच आवाज निवडला, मागच्या ट्रॅक्टरवाल्याचा, कारण त्याची घाई सगळ्यात कमी होती. अर्ध्या वाटेत त्याने हात वर केला. एक गोणी चाकाच्या आड येत होती. मी थांबलो, न्यूट्रल, पाय काढला. इंजिन बंद झालं.

“गेली!” कुणीतरी म्हणालं. “बंद पडली!”

“बंद नाही पडली,” मी म्हटलं. “थांबलीय. गोणी काढा.”

गोणी निघाली. मी क्लच दाबला, इंजिन बोललं, आणि त्या फटीतून मी बाहेर आलो. पिकअपचा आरसा माझ्या आरशाला न शिवता मागे गेला. मागचा ट्रॅक्टर पुढे सरकला, साखळी लागली, बापूंचा ट्रॅक्टर दोन हिसके खाऊन धुराचा मोठा लोट सोडत धडधडायला लागला. घोळका येऊन पोचला तेव्हा बापू आपल्या जागेवर होते आणि ट्रॉलीतून कांदा काढून दाखवत होते. एका व्यापाऱ्याने माझ्या गाडीकडे पाहून लिलाव पुकारणाऱ्याला विचारलं, या डिकीतला माल कुठला?

भाव बापूंच्या मनासारखा निघाला. ते माझ्याकडे आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “मास्तर, तुमची गाडी शहाणी हाय, खरं हाय. पण आमच्याला काय शिकवू नका.” आणि एक गोणी आणून माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली. नको म्हणण्याची सोय नव्हती.

एवढ्यात गर्दीतून पिशवी घेतलेली अक्का आली. तिचं घर बाजाराच्या मागच्याच गल्लीत. कराडची पाटी असलेली गाडी कांद्याच्या रांगेत लागली आहे, ही बातमी तिच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती.

“विनायकराव,” ती म्हणाली, “मला न्यायला आलात का विकायला?”

परत

गोणी मागे गेली, अक्का पुढे बसली. दारावरचा दांडा धरला. रस्त्यावर डोळे लावले. चालवताना बोलणं मला अजून जमत नाही. द्राक्षबागा गेल्या, पेपर वाचणारे घड गेले. पिंपळगावला हमरस्त्याला लागताना अक्काचा हात दांड्यावर होता. ओझरनंतर मी तिकडे पाहिलंच नाही, कारण समोर ट्रकांची रांग होती.

मळ्याच्या फाटकाशी रघुनाथ उभा होता. संध्याकाळच्या उन्हात झेंडूचे वाफे पेटल्यासारखे दिसत होते. गाडी थांबली, इंजिन आपलं आपण थांबलं. रघुनाथ अक्काच्या खिडकीशी आला आणि काचेवर टिचकी मारली. ती दचकली. पदर सावरत तिने इकडेतिकडे पाहिलं.

“काय गं अक्का? कशी चालवली दाजींनी?”

“मला काय विचारतोस?” अक्का वैतागून म्हणाली. “मी झोपले होते.”

रघुनाथ तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच, आमच्यासमोर, सातपूरच्या माणसाला रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर तो झेंडूची एक माळ घेऊन आला आणि गाडीच्या बॉनेटवर घातली. नवी गाडी घरी आणल्यावर घालतात तशी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. अक्काने कांद्याची गोणी मागच्या सीटवरून काढून पुन्हा पुढे ठेवायला लावली, म्हणाली, एकटे जाऊ नका. ओझ्यामुळे गाडी सीट-बेल्टसाठी ओरडायला लागली, तेव्हा गोणीला बेल्ट लावला.

मुंबई नाक्याला तोच सिग्नल लाल होता. थांबलो, न्यूट्रल, पाय काढला. इंजिन थांबलं. सकाळच्या त्या शांततेत समोर एका दुकानाची लांबलचक पाटी होती. मी ती वाचायला लागलो, मोठ्याने, आवाज खाली न आणता. दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजला. पाटीचे तीन शब्द राहिले होते.

ते पूर्ण केले, मग क्लच दाबला. दिवस मावळायच्या आत कराडला पोचलो.